खुशालीचं बटण

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर वारले, ते सगळ्यांत आधी दूधवाल्याच्या लक्षात आलं. आदल्या दिवशीची पिशवी दारात तशीच पडलेली होती. त्यानं हाका मारल्या, कडी वाजवली, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला बोलावलं आणि दोघांनी मिळून दार मोडलं. त्याच दारावरून मी आदल्या दिवशी दळण टाकायला गेले होते आणि परतही आले होते. लातूरची आमची गल्ली काही ओसाड नाही. घराघरावर मजले चढलेत आणि मजल्यामजल्यावर नीटची तयारी करणारी पोरं-पोरी भाड्यानं राहतात. माणसांना तोटा नाही, पण प्रत्येकाची मान पुस्तकात, नाहीतर मोबाईलमध्ये. मास्तर गेल्याचं मला दुःख झालं म्हटलं तर ते ढोंग होईल. आमचं बोलणं नळाला पाणी कधी येणार यापलीकडं कधी गेलंच नव्हतं. मला भीती वाटली. मीही एकटीच राहते.

माझं लग्न राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण निघालं, मग आईचं, आणि ते दोन्ही उरकेपर्यंत मला बघायला येणाऱ्यांचीच वयं झाली. नोकरी मात्र धडपणे झाली. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी होते. कागदावर माझं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं होतं, पोरं मला मॅडम म्हणायची, आणि प्राध्यापक मंडळी मला 'अहो, जरा बघा ना' म्हणायची. वायरी जोडणं, सोल्डरिंगचा डाग देणं, जळालेलं मीटर उघडून पुन्हा चालतं करणं यातच हयात गेली. तिथं राहून माझा स्वभावही तसाच झाला. एखाद्या पोराची सगळी रीडिंगं पुस्तकात दिल्याबरहुकूम आली की मी समजायचे, यानं प्रयोग केलेला नाही, शेजारच्याचं उतरवलंय. खऱ्या रीडिंगमध्ये कुठंतरी खोट असतेच. त्यामुळं कुणी माझं तोंडभर कौतुक केलं की माझ्या कपाळावर आठ्या येतात. लोकांना तो माझा खडूसपणा वाटतो आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

मास्तर गेल्यावर मी एक पेटी बनवली. बाजारात बिनवायरीची दारावरची बेल मिळते, तिचं बटण एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्या ठिकाणी. मी ती उघडली, तिच्यात वेळ मोजणारं एक सर्किट बसवलं, दोन बल्ब दिले आणि सगळं इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवून टाकलं. एकट्या माणसानं सकाळी उठलं की बटण दाबायचं. शेजारच्या घरात हिरवा बल्ब लागतो आणि दिवसभर राहतो. आठ वाजेपर्यंत बटण दाबलंच गेलं नाही तर तिकडं लाल बल्ब लागतो आणि बेल ओरडायला लागते. मग शेजाऱ्यानं येऊन बघायचं, बस एवढंच. पहिली पेटी मी घरच्या लाइटीवर चालवली होती आणि लोडशेडिंगनं तिचे बारा वाजवले. नंतर टॉर्चची बॅटरी घातली, तेव्हापासून लाइट जावो की राहो, ती चालते. तिला मी 'खुशाली' असं नाव दिलं.

पहिली जोडी मी स्वतःच्याच घरी लावली. बटण माझ्या स्वयंपाकघरात, आणि बल्ब समोरच्या खानावळवाल्या बाईंच्या भिंतीवर. त्या पहाटेपासून पोरांच्या पोह्यांच्या आणि डब्यांच्या गडबडीत असतात. 'लावा की मॅडम, कुठं जागा खातंय ते,' एवढंच त्या म्हणाल्या. पेटी पहिल्या दिवसापासून बिनबोभाट चालली. मला एवढा आनंद झाला की मी आणखी पेट्या करत सुटले. आपल्या भागात गावोगाव अशी घरं आहेत, लेकरं पुण्याला नाहीतर हैदराबादला आणि घरात एकटी म्हातारी. त्यातलं कुणी मास्तरांसारखं जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. आणखीही एक गोष्ट मनापासून वाटत होती, ती सांगायला थोडी लाज वाटते. मी रिटायर झाल्यापासून 'अहो, जरा बघा ना' असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

नांदेडला म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिथल्या कार्यालयात एक तरुण भेटला. त्यानं पेटी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, 'मावशी, भारी आहे. पण वरच्यांना दाखवायचं तर वापरणाऱ्यांचे अभिप्राय लागतील. चार ठिकाणी लावा आणि लोकांचे दोन शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. मग गावोगाव बसवू.' मला वाटलं, यात काय अवघड आहे? सर्किटपेक्षा माणसं सोपी.

कुणी बोलेल तर शपथ. म्हणजे बोलले सगळे, भरभरून बोलले, पण खरं कुणीच नाही. आमच्याकडं हातानं केलेल्या वस्तूला नावं ठेवत नाहीत. पाहुण्याच्या ताटातली भाजी खारट झाली तरी तो ती मागून घेतो, तशातली गत. मी मोबाईल समोर धरला की माणूस पदर सावरायचा, टोपी नीट करायचा आणि 'उपक्रम अतिशय स्तुत्य आहे' असं भाषण ठोकायचा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला तर हात जोडलेले, अंगठे आणि गुलाबाची फुलं यांचा ढीग पडला. 'याचा उपयोग काय?' असं विचारणारा एक माणूस त्यात निघाला नाही.

आमच्या भजनी मंडळात मी पेटी घेऊन गेले. सगळं समजावून सांगितल्यावर एक जण म्हणाली, 'म्हणजे मी मेले की शेजारी बेल वाजणार?' मी म्हटलं, हो. यावर जिनं विचारलं होतं तिनंच घाईघाईनं 'पण छान आहे हो, लई छान आहे' असं म्हणून टाळ हातात घेतले. मी वैतागून म्हणाले, 'बायांनो, कुणीतरी नावं ठेवा गं!' त्यावर त्या मलाच म्हणाल्या, 'नाव तर तुम्हीच ठेवलंय की, खुशाली!' सगळ्या खळखळून हसल्या आणि अभंग सुरू झाला.

आमच्याच भागातल्या एका निवृत्त जोडप्याकडं मी एक जोडी लावली होती. दसऱ्याला त्यांनी घरातली कात्री, विळी, शिलाई मशीन यांच्याबरोबर पेटीचीही पूजा केली. चांगलं ओलं हळद-कुंकू बटणावर लावलं, वर झेंडूचं फूल. बटण खाली जाऊन तिथंच चिकटलं. ते उठून वर येईना आणि पुन्हा दाबलं जाईना. दुसऱ्या सकाळी शेजारी लाल बल्ब लागला, बेल बोंबलायला लागली आणि अख्खा वाडा पळत आला, तर हे दोघं चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलेले. मी बटण खोलून कुंकू खरवडत असताना आजोबांना विचारलं, 'मग काय म्हणणं आहे पेटीबद्दल?' ते म्हणाले, 'काही म्हणणं नाही, उत्तम चालते.'

भोकरला माझी एक जुनी मैत्रीण आहे, निवृत्त नर्स. तिनं रेकॉर्डिंगमध्ये माझी एवढी स्तुती केली की मला ऐकवेना. मागं वळून बघते तर पेटी शोकेसमध्ये, माझ्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, तशीच गाठ मारलेली. मी विचारलं, 'अगं, काढली का नाहीस?' तर म्हणाली, 'एवढी मेहनतीनं केलीस, वापरून खराब होईल ना.' मी हसावं की रडावं ते मला कळेना. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि सगळी रेकॉर्डिंगं कानाला लावून ऐकली. एकसारखी होती. लॅबमध्ये अशी रीडिंगं मी फाडून टाकायला लावली असती.

आता राहिली होती एकटी अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, उमरीला दिलेली. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच असते, एक मुलगा पुण्याला, एक हैदराबादला, दोघंही बोलावतात आणि ही जात नाही. तिच्या घराला लागून एका शिंप्याचं घर आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेलं मुसलमान कुटुंब. त्या घरची बाई फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. दोन घरांच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. दिवाळीच्या सुमाराला मी अक्काच्या ओट्यावर बटण लावलं होतं आणि त्या बाईंच्या मशीनच्या वर बल्ब. अक्का माझ्याशी खोटं बोलणार नाही, असा माझा हिशेब होता. लहानपणी मी काढलेल्या चित्रातल्या गायीला तिनं सरळ म्हैस म्हटलं होतं.

संक्रांत झाल्यावर मी निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला त्या तरुणाला सगळं नेऊन द्यायचं ठरलं होतं. नांदेडहून रेल्वेनं उमरीला पोहोचले तेव्हा बाजार उठत होता. अक्का वाळलेली दिसली, पण ती तशीही कधी अंगानं भरली नाही. आम्ही हुरड्याबद्दल बोललो, तिच्या नातवाच्या नोकरीबद्दल बोललो आणि लवकर आडवं झालो.

सकाळी मला उशिरा जाग आली आणि आपण एवढं झोपलो कसे याचं नवल वाटलं. अक्काकडं कधीच झोपून राहता येत नाही. तांबडं फुटलं की भिंतीपलीकडून हाक यायची, 'अक्का, चाय हुई क्या?' आणि अक्का चुलीपासूनच 'ओ' द्यायची, 'हाव, झाला गं, तुझा?' मग दोघी भिंतीच्या दोन बाजूंना कपबशी घेऊन उभ्या राहायच्या. कुणाच्या सुनेचे दिवस भरलेत, मोंढ्यात सोयाबीन काय भाव गेलं, कुणाच्या ब्लाउजची बाही चुकली, एकीचं आटपलं की दुसरी सुरू. मी कितीदा उशीत डोकं खुपसून म्हटलं असेल, अगं बायांनो, झोपू द्या की जरा. त्या दिवशी मात्र सगळं शांत होतं. फक्त पलीकडं मशीन चालल्याचा आवाज येत होता.

मी उठून दारात आले. अक्काचं बटण दाबून झालेलं होतं. ती भिंतीपाशी कपबशी घेऊन उभी होती आणि अंगणातल्या दोरीवरचा वाळलेला टॉवेल उगीच उलटा करून पुन्हा टाकत होती. चहावर साय आली होती. मला बघून म्हणाली, 'उठलीस? ये, चहा घे,' आणि आत गेली.

आधी मी शेजारच्या बाईंकडं गेले, कारण त्यांचाही अभिप्राय हवा होता. त्यांनी मशीन थांबवलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि मोबाईलकडं न बघता माझ्याकडं बघून बोलल्या. पहिल्यांदाच कुणाचं बोलणं भाषण वाटलं नाही. 'ताई, लई आराम झाला. पहले सुबे उठके गला फाडके पुकारना पडता था. कभी अक्का मोरीत, कभी पूजेला बसलेली, ओ द्यायची न्हाई, तर माझा जीव वरखाली व्हायचा. आता हरा लग्या की समझ जाती मैं, खैरियत हय. शिलाईला बसते निवांत.' बल्ब त्यांनी रोज ओढणीनं पुसलेला दिसत होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. एक खरं रीडिंग मिळालं. मी तिथल्या तिथं ते पुन्हा लावून ऐकलं आणि उड्या मारतच अक्काकडं आले.

अक्कासमोर मोबाईल धरला. ती म्हणाली, 'चांगलं हाय. माझ्या बहिणीनं केलेलं हाय. लई चांगलं हाय.' आणि तोंड मिटलं. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि म्हटलं, 'अक्का, तूसुद्धा?'

'तूसुद्धा काय?'

'सगळ्यांसारखंच बोललीस. तुला नाही आवडली तर नाही आवडली म्हण. गायीला म्हैस म्हणणारी बाई तू.'

ती हसली नाही. पोळीचं पीठ मळत होती, ते मळत राहिली. मग म्हणाली, 'नावं ठेवून न्हाई राहिले मी. पर तू इचारलीस म्हणून सांगते. ते बटन दाबलं की माझा दिस संपतो बघ.'

'म्हणजे?'

'पैलं ती हाक मारायची. मी ओ द्यायची. आता माझ्यावतीनं तुझा बल्बच ओ देतो.'

मला ते पटकन कळलं नाही, खरं म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. मी वाद घालायला लागले. पेटीनं काय तोंड बांधलंय का तुमचं, भिंत आहे तिथंच आहे, ती आहे तिथंच आहे, तू हाक मार की. अक्का म्हणाली, 'काय म्हणून मारू? तिला ठाव हाय मी बरी हाय. बऱ्या माणसानं उगं कशाला बोंबलायचं? ती कामात ऱ्हाती. ती काय माझ्याशी बोलायला थोडीच यायची? मी जित्ती हाय का बघायला यायची, अन् आलीच हाय तर बोलायची. माणसाला निमित्त लागतं गं.'

मग पिठाचा गोळा झाकून ठेवत म्हणाली, 'तिची काही चूक न्हाई. सणाला वाटी येती, दुखलं-खुपलं तर धावत येती. पर रोजचं ते गेलं. मी सकाळच्याला भिंतीपाशी जाऊन हुबी ऱ्हाते. वाटतं, आज बटन दाबूच नये. मग वाटतं, बेल वाजल, सगळी गल्ली गोळा हुईल, अन् मी त्यास्नी काय सांगू? की बोलायला कुनी न्हाई म्हणून बोलावलं?'

मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. वर्षभर मी ज्याला त्याला धरून खरं बोला म्हणत होते. आता खरं ऐकायला मिळालं होतं आणि ते मला नको होतं. त्या बाईंनी पेटीची जी सगळ्यात मोठी सोय सांगितली, तीच अक्कानं सांगितली. फरक एवढाच की एकीनं ती मशीनवर बसून सांगितली आणि दुसरीनं वाट बघत उभं राहून. माझ्या सर्किटमध्ये काहीही बिघाड नव्हता. बिघाड असता तर मी काढला असता.

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. अक्का म्हणाली, 'राहू दे गं, तुझ्या हातचं हाय.' मी ऐकलं नाही. ओट्यावरचं बटण काढलं, भिंतीला भोकं राहिली त्यांवर जुनं कॅलेंडर टांगलं. मग पलीकडं जाऊन बल्बही उतरवला. बाई गोंधळल्या. 'क्यूँ ताई? बिगड्या क्या? अच्छा तो चल रहा था.' मी म्हटलं, दुरुस्तीला नेते. त्या म्हणाल्या, 'जल्दी लावो फिर. आता मला घोर लागून राहील.' खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. तुमच्या आरामामुळं अक्का एकटी पडली, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? तो आराम तर मीच दिला होता.

दुसऱ्या सकाळी हाक आली का, ते बघायला मी थांबू शकले असते. अक्का थांब म्हणालीही. पण मी नांदेडचं निमित्त केलं आणि दुपारच्या गाडीनं निघाले. मला भीती वाटत होती. मोडलेली सवय वायरीसारखी नसते, डाग दिला की चालू झाली असं होत नाही. आणि हाक आली नाही तर अक्का पुन्हा कपबशी घेऊन उभी राहणार, आणि या खेपेला मला ते बघावं लागणार. एवढा धीर माझ्यात नव्हता.

नांदेडच्या कार्यालयात त्या तरुणानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. सगळी रेकॉर्डिंगं त्यानं एकापाठोपाठ एक ऐकली आणि मान डोलावत राहिला. शेजारच्या बाईंच्या बोलण्यावर तर त्यानं टेबलावर थाप मारली. 'मावशी, हे लई भारी आहे! शेजाऱ्याला हाकसुद्धा मारायची गरज नाही. हेच आपण वर सांगायचं.'

मी म्हटलं, 'हेच सांगू नका,' आणि अक्का जे बोलली ते सगळं सांगितलं. रेकॉर्ड केलेलं नव्हतं, त्यामुळं मला तिच्याच शब्दांत सांगावं लागलं, आणि सांगताना माझा आवाज तिच्यासारखाच निघाला. तो ऐकत होता. पोरगा वाईट नव्हता. थोडा वेळ पेन बोटांत फिरवून म्हणाला, 'पण मावशी, हे एकाच आजीचं मत झालं. बाकी सगळे तर चांगलंच म्हणतायत.'

'बाकी सगळे खोटं बोलतायत,' मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. 'बरं, मग तुम्ही सांगा, काय करायचं? बसवायच्या की नाही?'

या प्रश्नाचं उत्तर मी गाडीतच ठरवून आले होते. पिशवीत अक्काची जोडी एकमेकींवर आपटत होती आणि मी मुदखेड स्टेशन गेलं तरी एकच विचार करत होते. वर्षभरात पेटीची खरी परीक्षा मला का घेता आली नाही? माझ्या घरी तर ती पहिल्यापासून आहे. मी रोज वापरते. मी एवढी चिकित्सक बाई, आणि मला तिच्यात एकही दोष का दिसला नाही? पेटी अक्काकडची हाक बंद करते, मग माझ्याकडं तिनं काय बंद केलं, हे मी आठवून बघत होते. मनातल्या मनात लातूरच्या गल्लीत शिरून सकाळचा एकेक आवाज तपासून बघितला. पोरांच्या गाड्या, खानावळीतला कुकर, कचऱ्याच्या गाडीचं गाणं. खूप वेळ आठवलं. काही सापडलं नाही.

मी त्या तरुणाला म्हटलं, 'बसवा. पण बसवायच्या आधी त्या घरी एक प्रश्न विचारायचा. सकाळी तुम्हाला कुणी हाक मारतं का? कुणी मारत असेल, शेजारीण, दूधवाला, कुणीही, तर माझी पेटी तिथं लावायची नाही. त्यांनी कितीही छान म्हटलं तरी नाही.'

'आणि कुणीच हाक मारत नसेल तर?'

'तर लावा. तिथं ती काही बिघडवणार नाही.'

त्याला हे पटलं. हे वरच्यांनाही आवडेल म्हणाला, निकष म्हणून चांगलं आहे. त्यानं कॉम्प्युटर जवळ ओढला आणि टाइप करायला लागला. मग बोटं थांबवून विचारलं, 'असं एखादं घर आहे का तुमच्या बघण्यात? पहिलं म्हणून तिथूनच सुरुवात दाखवू.'

'आहे,' मी म्हटलं. 'लातूरला. एकटीच बाई आहे.'

'त्यांना विचारलंय ना, कुणी हाक मारतं का ते?'

'विचारलंय.'

'पत्ता सांगा.'

मी सांगत गेले आणि तो टाइप करत गेला. गल्ली, खानावळीच्या समोर, तळमजला. मग त्यानं नाव विचारलं.